ताट कोणाचं, तारीख कोणती? आपत्तीतल्या जेवणाचा इतिहास आणि जव्हार-मोखाडा



कुठे पूर आला, भूकंप झाला की आपल्याकडे पुढच्या काही दिवसांत एक गोष्ट हमखास घडते. एखादं गणेश मंडळ महाप्रसादाचा बेत रद्द करून ते पैसे मदतनिधीत देतं. एखादी संस्था जेवणाची कुपनं विकते, पंगत बसते, आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम आपद्ग्रस्तांकडे पाठवते. तुम्हीही असं एखादं कुपन घेतलं असेल. जेवण झालं, मदतही झाली, विषय संपला.

पण संशोधकासाठी विषय इथे सुरू होतो. मी विज्ञानातून आले आहे, त्यामुळे इतिहास वाचतानाही मला पहिला प्रश्न पडतो की मोजायचं काय? मदतीच्या जेवणाचा हिशेब बहुतेक वेळा एका आकड्यात संपतो. इतकी ताटं वाढली, किंवा इतके रुपये जमले. हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. म्हणून आपण चार रकाने आखून घेऊ. पैसे कोणाचे? चूल कोणाची? ताट कोणापुढे? आणि चौथा, जो बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे तारीख कोणती? आपत्ती कधी सुरू झाली, हे कोणी ठरवलं?

हे चार रकाने घेऊन आपण १८७७ पासून निघू आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यापर्यंत येऊ. चौथा रकाना किती महत्त्वाचा आहे ते तिथे पोचल्यावर कळेल.

१८७७: एक पौंड धान्य

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवर आणि मद्रास इलाख्यावर कोसळला. पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढून दुष्काळातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी त्यासाठी लोकांकडे जाहीरपणे मदत मागितली. त्याच्या महिनाभर आधी, २० एप्रिलला, सावित्रीबाईंनी ओतूरहून त्यांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातल्या दुष्काळाचं वर्णन आहे. आपत्तीतल्या जेवणासाठी वर्गणी मागण्याचं मराठी मुलखातलं हे एक ठळक जुनं उदाहरण. रकाने भरून बघा. पैसे लोकांचे, चूल समाजाची, ताट मुलांपुढे.

त्याच वर्षी सरकारचीही चूल पेटलेली होती, पण तिचा हिशेब निराळा होता. व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेम्पल यांना दुष्काळी कामांची पाहणी करायला पाठवलं. खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी खाली आणली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख. इतिहासात ही ‘टेम्पल मजुरी’ म्हणून ओळखली जाते. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर कॉर्निश यांनी तिला कडाडून विरोध केला. एवढ्या धान्यावर कष्टाचं काम करणारं शरीर टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबई इलाख्यात मजुरांनी काम सोडून निषेध केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

आता हा वाद आपण स्वतः तपासून बघू शकतो. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅममधून साधारण ३३० ते ३५० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दिवसाला दीड हजारांच्या थोडं वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आजच्या शिफारशीनुसार अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी लागतात. ही शिफारस ६५ किलो वजनाच्या माणसासाठी आहे. १८७७ चा मजूर त्याहून बराच हडकुळा असणार, तेव्हा त्याची गरज कमी धरा. कितीही कमी धरली तरी खड्डे खणणाऱ्या माणसाला दीड हजार पुरत नाहीत. इतिहासाच्या कागदात वजन किंवा माप सापडलं की ते आजच्या एककात आणून बघायची सवय लावून घ्या. मात्र तुलना कोणत्या शरीराशी करतोय, हे त्याच वाक्यात लिहा. परीक्षक तेच विचारणार.

दान कुठवर, सरकार कुठवर?

या दुष्काळानंतर १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीचे दुष्काळ संहितेचे नियम तयार झाले. काम कधी काढायचं, मजुरी किती द्यायची, कामावरच्या लोकांच्या मुलाबाळांना जेवण कसं द्यायचं, हे कागदावर आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याचा एक अनपेक्षित उपयोग झाला. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सांगू लागले की सारामाफी आणि दुष्काळी काम हे सरकारच्याच नियमांत आहे, ते मागा. ‘केसरी’तून टिळकांनी हीच भूमिका मांडली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतही हे कार्यकर्ते फिरले. सरकारला हे रुचलं नाही, आणि मार्च १८९७ मध्ये सभेची सरकारी मान्यता काढून घेण्यात आली.

त्याच सुमारास ‘इंडियन फॅमिन चॅरिटेबल रिलीफ फंड’ उभा राहिला. या निधीतून काय करायचं ते ठरलेलं होतं. सरकारी मदतीच्या वर थोडं जास्तीचं अन्न-वस्त्र देणं, अनाथ मुलांना सांभाळणं, उघडपणे मदत मागायला संकोचणाऱ्या घरंदाज गरिबांना हात देणं, आणि दुष्काळानंतर शेतकऱ्याला बैल-बियाणं घेऊन पुन्हा उभं करणं. जीव जगवण्याची मुख्य जबाबदारी सरकारची, दान त्याच्या पुढचं.

इथे एक रेष आखली गेली हे लक्षात घ्या. अमुक एवढं दानातून व्हावं, अमुक एवढं नियमातून मिळावं. गेल्या सव्वाशे वर्षांत ही रेष पुढेमागे सरकत राहिली आहे. मदतीच्या जेवणावर कोणताही प्रबंध लिहायचा असेल तर त्या काळात ती रेष कुठे होती हे आधी शोधा.

‘चूल कोणाची’ हा रकानाही रिकामा सोडू नका. त्या काळी शिजवलेलं अन्न कोणाच्या हातचं आहे, यावर माणसं ते खातील की नाही हे ठरायचं. सरकारी अन्नगृहातलं शिजवलेलं अन्न जातीच्या भीतीने नाकारणारे लोक होते, आणि ‘खरोखर गरजू असेल तोच हे खाईल’ असा प्रशासनाचा हिशेबही होता. त्यामुळे किती जण जेवले या आकड्याशेजारी किती जण आलेच नाहीत, हा न लिहिलेला आकडा उभा असतो.

जव्हार एका दप्तरात, मोखाडा दुसऱ्या

आता आपण घाट उतरून जव्हार-मोखाड्यात येऊ. नकाशावर हे दोन तालुके शेजारी. माणसंही तीच. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. शेती नागली, वरई आणि भाताची. पण जुने कागद शोधायला गेलात तर वाटा वेगळ्या होतात. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं. १९४८ मध्ये ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं. मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून होता. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येही जव्हारचं प्रकरण स्वतंत्र आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि दोन्ही तालुके त्यात गेले. म्हणजे एकाच डोंगरातली भूक तीन वेगवेगळ्या प्रशासनांच्या कागदांत विखुरलेली आहे. विषय ठरवताना ‘पालघर जिल्ह्यातला दुष्काळ, १८७७’ असं शीर्षक लिहून बसलात तर त्या नावाचा एकही जुना कागद मिळणार नाही. आधी प्रशासकीय हद्दींचा तक्ता करा, मग मुंबईच्या राज्य अभिलेखागारात जा.

पण खरी अडचण याच्याही पुढे आहे. दुष्काळाच्या कागदांत आपत्तीची खूण एकच, पाऊस पडला नाही. जव्हार-मोखाड्यात पाऊस बदाबदा पडतो. मुंबईला पाणी पुरवणारी वैतरणा याच डोंगरांतून वाहते. इथे भूक येते ती भर पावसात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कापलेलं धान्य उन्हाळ्यापर्यंत संपत येतं. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी, वसईकडे निघतात. इकडे त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. पावसाच्या तोंडावर ती परततात आणि लावणीत गुंततात. मग जून ते सप्टेंबर हातात मजुरी नाही, कणगीत दाणा नाही, ओढ्यांना पूर आल्याने पाड्यावरून दवाखान्यात जायला वाट नाही. लहान मुलांची आजारपणंही याच दिवसांतली.

या भुकेला आपत्ती असं नाव नसलं तरी भाषेत तिचा शब्द आहे, खावटी. पावसाळ्यात खायला म्हणून उसनं घेतलेलं धान्य. सावकाराच्या राज्यात ते वाढीदिढीने फेडायचं, म्हणजे एक मण घेतलं तर सुगीला दीड मण द्यायचं. पुढे सरकारने आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज सुरू केलं, आणि २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, कुटुंबामागे ४ हजार रुपयांचं खावटी अनुदान जाहीर झालं. निम्मे रोख, निम्म्याचं धान्य-किराणा. जी गोष्ट दरवर्षी ठरल्या महिन्यात येते तिच्यासाठी लोकांनी संस्था उभी केलेली असते, मग ती न्यायाची असो वा पिळवणुकीची. संशोधनात असे शब्द फार उपयोगी पडतात. अहवालात ‘आपत्ती’ शोधून काही मिळालं नाही तर ‘खावटी’ शोधा.

१९९२ आणि १९९३

आता दोन वर्षं शेजारी ठेवा.

१९९२ च्या पावसाळ्यात जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने आणि त्यासोबत येणाऱ्या आजारांनी बालकं दगावली. बातम्या आल्या, विधिमंडळात चर्चा झाली, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक तिथे जाऊन आले. त्या पावसाळ्यापासून ‘जव्हार-मोखाडा’ हे जोडनाव महाराष्ट्रात कुपोषणाशी जोडलं गेलं.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र संपता संपता पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागात जवळपास ८ हजार माणसं गेली. गावागावांतून भाकऱ्या, धान्य, कपडे आणि पैसे निघाले. देशातून, परदेशातून मदत आली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला.

कोणाचं दुःख मोठं, अशी तुलना मी करत नाही. मला दिसतो तो चौथा रकाना. किल्लारीला तारीख होती, वेळसुद्धा होती. ती ऐकताच कोणीही पंगत मांडू शकतो, डबा फिरवू शकतो, आणि दहा दिवसांनी ‘इतके जमले’ असं जाहीर करू शकतो. वावर-वांगणीला तारीख नव्हती, होता तो फक्त पावसाळा, आणि तो पुढच्या वर्षीही येणारच होता. वर्गणी घटनेला मिळते. दरवर्षीच्या ऋतूला ती मागायची कशी?

कायद्यातही हेच दिसतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्तींत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणं, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि शीतलहर आहेत. कुपोषण नाही. शब्दाची व्याख्या बदलली की पैशाचा मार्ग बदलतो.

पगाराच्या पावतीतलं ताट

मग तारीख नसलेल्या भुकेचं ताट भरायचं कोणी? याचं महाराष्ट्राने शोधलेलं एक उत्तर तुमच्या घरातल्या नोकरदारांच्या पगाराच्या पावतीवर छापलेलं आहे.

१९७२ चा दुष्काळ आजी-आजोबांना विचारा. मिलो ज्वारी आणि सुकडी हे दोन शब्द लगेच येतील. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटला जाणारा पौष्टिक, कोरडा खाऊ. तो दुष्काळ शिगेला पोचला तेव्हा, १९७३ च्या उन्हाळ्यात, राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं या कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात बळ मिळालं. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या हमीला पैसे हवे होते. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला अडीच हजार रुपये आज पगारातून कापले जातात, तोच हा कर. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेरोजगाराच्या मजुरीला हातभार लावायचा आणि तेवढीच भर राज्याने घालायची, अशी ती रचना होती. कुपनाच्या पंगतीशी तुलना करून बघा. समजा कुपन २०० रुपयांचं आहे आणि ताटाला ८० रुपये खर्च आला. मदतीला गेले १२०. ते एकदाच, आणि घेणारा आलाच नाही तर तेही नाहीत. व्यवसाय कर दर महिन्याला जातो, देणाऱ्याच्या मनात त्या दिवशी दया असो वा नसो. त्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही, फोटो काढत नाही. १८९७ ला आखलेली ती रेष इथे बरीच सरकली.

म्हणून कुपनाची पंगत निरुपयोगी ठरत नाही. पुराच्या तिसऱ्या दिवशी सरकारी फाईल हलायच्या आधी लोकांचा डबाच पोचतो. धनकवडीतही तेच झालं होतं. प्रत्येक साधनाचा एक वेग असतो आणि एक दम असतो. दानाला वेग आहे, नियमाला दम आहे.

अंगणवाडीतलं गरम ताट

जव्हार-मोखाड्यात नियमाचा रस्ता लांबचा होता. १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. त्यात आरोग्य, पोषण, खावटी, धान्य कोष अशा योजना पावसाळ्याच्या तोंडावर एकत्र आणायचं ठरलं. म्हणजे ऋतूची भूक सरकारने कागदावर मान्य केली. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातांचा आहार हा हक्क मानला. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत ‘भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना’ सुरू झाली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने अंगणवाडीत दिवसातून एक चौरस गरम जेवण. नंतर लहान मुलांसाठी अंडी किंवा केळी आली.

शिधा घरी न देता ताट अंगणवाडीत का? कारण साधं आहे. घरी गेलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो, आणि घरातली बाई शेवटी जेवते. अंगणवाडीत वाढलेलं ताट तिच्याच पोटात जातं. पण आपल्या रकान्यांनी बघितलं तर नवे प्रश्न येतात. लावणीच्या दिवसांत ती बाई शेतावर असते, मग दुपारचं ताट कोणाला? जगायला गेलेल्या कुटुंबाचं नाव कोणत्या गावच्या यादीत? ओढा दुथडी वाहतो तेव्हा पलीकडच्या पाड्यावरची बाई कशी येणार? नोंदवहीत ‘लाभार्थी’ मोजायचे की ‘ताटं’? शंभर ताटं म्हणजे चार बायका पंचवीस दिवस, किंवा पंचवीस बायका चार दिवस. दोन्हींचा आकडा सारखा, पोटातला परिणाम पूर्ण वेगळा.

सप्टेंबर २०१६ मध्ये मोखाड्यातलं खोच हे गाव पुन्हा बालमृत्यूमुळे बातम्यांत आलं. योजना होती, कायदा होता. महिना बघा, सप्टेंबर.

तुमच्यासाठी काम

या विषयावर काम करायचं असेल तर सुरुवात लहान ठेवा. एकच योजना, एकच तालुका, पाचच वर्षं. नोंदी महिन्यावार लावा, वर्षाची सरासरी काढून मोकळे होऊ नका. सरासरीत पावसाळा बुडून जातो, आणि इथला सगळा इतिहास पावसाळ्यातच आहे. गावात मुलाखतींना जाताना लावणी आणि कापणीचे दिवस टाळा. लोकांचा तो दिवस मजुरीचा असतो. ज्या घरात मूल दगावलं आहे तिथे प्रश्नावली घेऊन जाऊ नका. नैतिकता समितीची परवानगी हातात असली तरीही आधी आशाताई किंवा अंगणवाडीताईंशी बोला, आणि त्या नको म्हणाल्या तर ते माना. ज्या प्रश्नाचं उत्तर कागदात मिळतं तो प्रश्न दुःखात असलेल्या माणसाला विचारायचा नाही.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळून सुरू करा. तुमच्या गावात, वसतिगृहात, मंडळात गेल्या काही वर्षांत मदतीसाठी जे जेवण झालं असेल त्याची पावतीपुस्तकं मागून घ्या. चार रकाने आखा. पैसे, चूल, ताट, तारीख. पहिले तीन एका दुपारीत भरतील. चौथ्यासाठी आयोजकांना एकच विचारा, त्या वर्षी आपल्याच तालुक्यात कोणत्या महिन्यात कोणाची चूल पेटत नव्हती? जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं लिहून घ्या. प्रबंधाचा प्रश्न बहुधा त्यातच असेल.